चिऱ्याच्या भिंतीमागची मुळं भूकंपात काय करतात

जुलैच्या मध्यावर पर्वरीच्या किंवा पणजीत अल्तिनोच्या उतारावरून चालत जा आणि चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, संरक्षक भिंतींना पाणी बाहेर पडायला सोडलेल्या नळ्यांकडे बघा. पाऊस धो धो पडतोय, भिंत ओलीचिंब आहे, सांध्यांतून शेवाळ उतरलंय आणि नळीचं तोंड मात्र कोरडं. आत बोट घातलं तर ओल्या काथ्याच्या गुंडाळीसारखं काहीतरी हाताला लागतं. ती मुळं. ओढली तर हातभर लांब शेपूट बाहेर येतं आणि त्याच्या मागून चहाच्या रंगाचं पाणी भसकन अंगावर येतं. भूकंपात मुळं भिंतीला काय करतात, या प्रश्नाचं गोव्यातलं अर्धं उत्तर त्या शेपटात आहे.

झाडं आणि भिंत यांबद्दल आपल्याकडे दोन ठाम मतं ऐकू येतात. मुळं माती धरून ठेवतात, म्हणजे भिंतीला आधारच, हे एक. झाड म्हणजे भिंतीचा वैरी, दिसलं की तोडा, हे दुसरं. दोन्ही मतं अर्धी बरोबर आहेत, कारण दोघं वेगवेगळ्या मुळांबद्दल बोलत असतात. भिंतीमागे भरलेल्या मातीत, म्हणजे भरावात, पसरलेलं मूळ वेगळं आणि चिऱ्यांच्या सांध्यात किंवा नळीत घुसलेलं मूळ वेगळं. पहिलं मदत करतं, पण आपण समजतो त्यापेक्षा कमी आणि उशिरा. दुसऱ्याने जमीन हलण्याच्या कितीतरी आधी भिंतीची ताकद खाऊन टाकलेली असते.

गोव्यात कुठे भूकंप होतात, असं कोणी म्हणालं तर त्याला नकाशा दाखवावा. भूकंपाला टिकणाऱ्या बांधकामाच्या भारतीय मानकाच्या, म्हणजे आयएस १८९३ च्या, २०१६ च्या आवृत्तीत गोवा विभाग ३ मध्ये आहे आणि त्या विभागाचा गुणांक (जमिनीचा हिसका गुरुत्वाच्या किती पट धरायचा तो आकडा) ०.१६ आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्याची तीव्रता ६ च्या वर होती. कोयनानगर ते पणजी हे सरळ रेषेतलं अंतर सुमारे २०० किलोमीटर. आणि ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी उद्ध्वस्त झाली, तेव्हा तो भाग नकाशात सगळ्यात सुरक्षित, म्हणजे विभाग १ मध्ये रंगवलेला होता. किल्लारीच्या घरांच्या भिंती जाड होत्या, पण आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधलेला नव्हता. हादऱ्यात दोन्ही थर सुटे झाले आणि मधली माती-खडे खाली आले. आपल्याकडच्या कितीतरी संरक्षक भिंतींची रचना हीच असते. दर्शनी बाजूला तासलेले चिरे, मागे चिऱ्याचे तुकडे आणि दोघांना जोडणारा, पूर्ण जाडीत जाणारा चिरा दहा फुटांत एक सापडला तरी नशीब.

आधी थोडं गणित

हे गणित टाळून पुढे जाता येतं, पण मग झाडावरचा वाद कधीच संपत नाही. अडीच मीटर उंचीची चिऱ्याची भिंत घेऊ. माथ्याला ६० सेंटिमीटर, पायाला १२० सेंटिमीटर, समोरून उभी, मागून पायऱ्या. मागे सपाट अंगण, माती कोरडी, वजन घनमीटरला साधारण १.८ टन, घर्षणकोन (कोरडी माती ज्या उतारापर्यंत न घसरता टिकते तो कोन) ३० अंश. अशा भिंतीवर मातीचा आडवा रेटा दर धावत्या मीटरला १.९ टन येतो. तो भिंतीला पायथ्याच्या समोरच्या कडेवर १.६ टन-मीटरने (रेटा गुणिले तो लागतो ती उंची) उलटवू बघतो. भिंत आणि मागच्या पायऱ्यांवर बसलेली माती मिळून साडेतीन टन-मीटरने विरोध करतात. म्हणजे २.२ पट. छान.

आता याच कोरड्या भिंतीला भूकंप द्या. १ सप्टेंबर १९२३ च्या जपानमधल्या कांतो भूकंपानंतर ओकाबे (१९२६) आणि मोनोनोबे (१९२९) यांनी मातीचा भूकंपातला रेटा मोजायची पद्धत बसवली. आजही जगभर तीच वापरतात. सीड आणि व्हिटमन यांनी १९७० मध्ये तिचं सोपं रूप दिलं. भूकंपामुळे वाढणारा रेटा भिंतीच्या साधारण ०.६ उंचीवर लागतो, म्हणजे नेहमीच्या एक तृतीयांश उंचीच्या बराच वर. ०.१६ च्या निम्मा, म्हणजे ०.०८ इतका आडवा हिसका धरला आणि भिंतीचं स्वतःचं हेलकावणं मिळवलं, तर उलटवणारा जोर १.६ वरून २.७ टन-मीटरवर जातो. विरोध तेवढाच, साडेतीन. गुणोत्तर १.३. भिंत कुरकुरेल, पण उभी राहील.

आता भूकंप नाही, पण नळ्या बुजलेल्या आणि भराव माथ्यापर्यंत पाण्याने भरलेला. मातीचा रेटा तरंगण्यामुळे कमी होतो, पण पाण्याचा रेटा पूर्ण बसतो. दोन्ही मिळून ४.१ टन, आणि उलटवणारा जोर ३.४ टन-मीटर. विरोध साडेतीन. गुणोत्तर जेमतेम १, आणि पायाखालून वर दाबणारं पाणी यात धरलेलंच नाही. कागदावर ही भिंत भूकंपाआधीच उलटायला किंवा घसरायला टेकलेली आहे. जुलैत ती उभी दिसते ती पायथ्यापुढच्या मातीच्या, मधूनमधून पडणाऱ्या उघडिपीच्या आणि थोड्या देवाच्या भरवशावर.

आपल्या विभागातला भूकंप कोरड्या भिंतीवर जेवढा भार वाढवतो, त्याच्या दीडपटीहून जास्त भार तुंबलेलं पाणी वाढवतं. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा असा आहे, की बुजलेल्या नळ्यांच्या भिंतीला एक मध्यम हादरा पुरेसा व्हावा. म्हणून मुळांचा विचार नळीपासून सुरू करायचा.

नळीत मूळ का जातं

मूळ पाणी ‘शोधत’ येत नाही. ते सगळीकडे वाढतं आणि जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात तिथे भरभरून फुटतं. भिंतीतली नळी म्हणजे नेमकी तीच जागा: मागे ओली माती, पुढे मोकळी हवा. त्यातून गाळ साचलेला असेल तर खतही मिळालं. केसाएवढं मूळ नळीच्या मागच्या तोंडातून आत येतं, आतल्या ओलीत शाखा फोडतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत ७५ मिलिमीटरची नळी बुचासारखी बसते.

दोष झाडाचा कमी, भरावाचा जास्त. बहुतेक ठिकाणी भिंतीमागे खोदलेलीच लाल चिकणमाती परत लोटतात, वर चिरेकामातून उरलेले तुकडे आणि भुसा टाकतात. हा भुसा दोन-तीन पावसात पिठूळ होतो आणि चिकणमातीच्या जोडीने नळीचं मागचं तोंड लिंपून टाकतो. आधी गाळ, मग मूळ, असा क्रम असतो. नळीमागे ३० सेंटिमीटर जाडीचा २० ते ४० मिलिमीटर खडीचा उभा थर आणि खडी-मातीच्या मध्ये न विणलेलं जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी सोडून माती अडवणारं कापड असेल, तर मूळ खडीत येतं खरं, पण तिथे ओल टिकत नाही म्हणून फार फुटत नाही. खडीचा थर मूळ अडवत नाही. मुळाला तिथे राहण्यासारखं काही ठेवत नाही.

नळ्या ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाच्या, एक ते दीड मीटर अंतरावर, एकाआड एक, बाहेरच्या बाजूला दहास एक उतार देऊन. सगळ्यात खालची ओळ जमिनीपासून वीतभर वर. हे सगळ्यांना माहीत असतं. चुकतं ते असं, की पायथ्याशी नंतर पेव्हर बसवतात, बागेची माती चढवतात, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची ओळ जमिनीखाली जाते.

नळ्या चालतात की नाही ते बघायला पावसाची वाट बघायची गरज नाही. भिंतीच्या मागे हातभर अंतरावर फूटभर खोल खड्डा करा, त्यात पाच-सहा बादल्या पाणी ओता. खालच्या ओळीतून अर्ध्या तासात झिरपायला लागलं तर वाट मोकळी आहे. खड्ड्यात पाणी तसंच उभं राहिलं आणि समोर चिऱ्यावर ओलीचा डाग पसरत गेला, तर पाणी नळी सोडून सांध्यातून वाट काढतंय. पावसाळ्यात दुसरी खूण: उघडीप पडून दोन दिवस झाले तरी भिंतीचा मधला पट्टा ओला राहतो.

मातीतलं मूळ: किती आणि केव्हा

आता मुळांची चांगली बाजू. भिंत पुढे सरकू लागली की तिच्यामागची पाचरीसारखी माती एका तिरप्या पातळीवरून घसरते. ३० अंश घर्षणकोनाच्या मातीत ही पातळी भिंतीच्या पायाशी सुरू होऊन साधारण ६० अंशांनी वर चढते. अडीच मीटरच्या भिंतीमागे ती अंगणात भिंतीपासून सुमारे १.४५ मीटरवर बाहेर येते. भूकंपात ती थोडी आडवी होते, म्हणजे पाचर आणखी मागे पसरते. जे मूळ ही पातळी ओलांडून मागच्या स्थिर मातीत शिरलेलं आहे, तेवढंच उपयोगाचं. पाचरीच्या आतच संपणारं मूळ पाचरीबरोबरच खाली येतं.

मुळांचा मोठा हिस्सा वरच्या एक मीटरमध्ये असतो. म्हणून घसरणीच्या पातळीचा वरचा भाग मुळांनी शिवलेला असतो आणि रेटा जिथे जास्त, त्या खालच्या भागात टाके नसतात.

ताकदीचा हिशोब वू नावाच्या संशोधकाच्या जुन्या सूत्राने करतात: मुळांनी मातीला दिलेली जादा चिकटण = १.२ × मुळांची ताणशक्ती × कापाच्या क्षेत्रात मुळांचा वाटा. मुळं २० मेगापास्कलची (चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलो ताण सोसणारी) आणि वाटा हजारात एक धरला तर २४ किलोपास्कल येतात. ऐकायला झकास. पण सूत्र असं मानतं की सगळी मुळं एकाच क्षणी ताणली जाऊन एकाच क्षणी तुटतात. प्रत्यक्षात आधी ताठ असलेली तुटतात, मग ढिली असलेली ताणली जातात, बरीचशी न तुटता मातीतून नुसती सटकतात. ओल्या मातीत तर जास्तच. निम्मा आकडा धरला तरी तो उदार हाताने धरल्यासारखं होईल.

त्याहून मोठी अडचण वेळेची. मुळांची ताकद जागी व्हायला माती काही सेंटिमीटर सरकावी लागते. दाव्याला ढील असेल तर गाय दोन पावलं पुढे जाते, मग दावं ताणलं जातं. चिऱ्याच्या भिंतीला ती दोन पावलं परवडत नाहीत. तिचे सांधे काही मिलिमीटरला सुटतात. म्हणजे भिंतीला तडा जाईपर्यंत मुळं झोपलेली असतात. भिंत फुटल्यानंतर मात्र ती खरी कामाला येतात. मागची माती एकदम ओतत नाही, वरचा थर गालिच्यासारखा लोंबकळून राहतो, खाली उभ्या माणसाला पळायला वेळ मिळतो. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे जोरात गरगर फिरवून वजन वाढवणाऱ्या यंत्रात, उताराच्या छोट्या प्रतिकृती हलवून पाहिल्या, तेव्हा मुळांच्या उताराचा माथा बिनमुळांच्या उतारापेक्षा कमी खचला. तो मोकळा उतार होता, भिंत नव्हे, हा फरक विसरायचा नाही.

१९९५ च्या कोबे भूकंपात वजनावर उभ्या असलेल्या दगडी भिंती मोठ्या संख्येने पडल्या आणि मातीत जाळीचे थर घालून बांधलेल्या भिंती टिकल्या. मग मुळांचं जाळं म्हणजे फुकटातली तीच जाळी नाही का? नाही. कृत्रिम जाळी तळापासून माथ्यापर्यंत ठरावीक अंतराने, ठरावीक लांबीने टाकलेली असते आणि भिंतीच्या दर्शनी भागाला जोडलेली असते. मूळ कुठे जाईल ते ठरवणारे आपण कोण. म्हणून भिंतीच्या आराखड्यात मुळांची ताकद शून्य धरावी. जी मिळेल ती वरकड.

माड, पिंपळ आणि बाकीची मंडळी

झाडाचं नाव कळलं की निम्मा निर्णय होतो. शाळेत शिकलेलं एकदल-द्विदल इथे कामी येतं. माड, पोफळ, बांबू, केळ, गवतं ही एकदल. त्यांचं मूळ जन्माला येतं त्याच जाडीचं राहतं. माडाचं मूळ करंगळीपेक्षा जाड होत नाही, पण असतात हजारोंनी, बहुतेक बुंध्यापासून दोन मीटरच्या आत. माड नळ्या बुजवतो, चिरे फोडत नाही. आंबा, फणस, काजू, वड, पिंपळ, गुलमोहर ही द्विदल. त्यांचं मूळ वर्षागणिक जाड होतं. सांध्यात सुतळीएवढं शिरलेलं पिंपळाचं मूळ दहा वर्षांत मनगटाएवढं होऊ शकतं.

वाढणारं मूळ बाजूला किती दाबतं? अर्धा ते एक मेगापास्कल, म्हणजे चौरस सेंटिमीटरला पाच ते दहा किलो. दोन सेंटिमीटर जाडीचं मूळ चिऱ्याखाली ३० सेंटिमीटर लांब गेलं, तर पाच किलोच्या हिशोबानेही तीनशे किलोचा जॅक लावल्यासारखं झालं. घरबांधणीचा चिरा असतो जेमतेम ३० किलोच्या आसपास. वरचे दोन-तीन थर सहज उचलले जातात. इथे भूकंपाचा थेट संबंध येतो. चिऱ्यांची भिंत आडव्या हिसक्याला तोंड देते ती थराथरांतल्या घर्षणाने. मूळ वाढून चिरा उचलला गेला की पूर्ण पृष्ठभाग टेकण्याऐवजी चिरा मुळावर आणि एका कडेवर टेकतो. लाटण्यावर ठेवलेल्या पाटासारखा. हादरा आला की तो थर घसरायला तयारच असतो, आणि वरचा भाग अख्खा पुढे येतो. पडलेल्या भिंतींत मधूनच आडवी, सरळ तुटलेली रेष दिसते, तिथे पिंपळाची वाळलेली मुळं चपटी होऊन चिकटलेली सापडतात.

पिंपळ-वड कोणी लावत नाही. बुलबुल, तांबट, वटवाघळं फळ खाऊन सांध्यात बी टाकतात. किल्ल्यांच्या तटांपासून गावच्या तळीच्या भिंतींपर्यंत सगळीकडे हेच. चार पानांचं असताना बोटाने निघतं. त्या वेळी ‘बघू नंतर’ म्हटलं की पुढे कुऱ्हाडीचं काम.

मोठ्या झाडाचं वजन आणि वारा हा वेगळा मुद्दा. उंच झाड भूकंपाच्या जलद थरथरीत फार डोलत नाही, त्याचा स्वतःचा झोका सावकाश असतो. झाड भिंतीला उपटतं ते वादळात. मे २०२१ च्या तौक्ते वादळात गोव्यात ठिकठिकाणी झाडं मुळांसकट उलटली. माथ्यावरचं झाड उलटताना मुळांचा थाळा भिंतीचा वरचा मीटरभर भाग पहारीसारखा ढकलतो. ऑस्ट्रेलियन बाभूळ, जी खाणींच्या मातीच्या ढिगांवर भरपूर लावली गेली, ती या कामात वाकबगार: वाढ झपाट्याची, मुळं उथळ. भिंतीच्या माथ्याजवळ तिला जागाच देऊ नये. बांबूबद्दल जपानमध्ये म्हणतात, भूकंपात बांबूच्या बेटात पळा. जमीन फाटत नाही हे खरं, कारण वरचा अर्धा मीटर मुळांनी विणलेला असतो. पण उतारावर तो विणलेला थरच चटईसारखा एकसंध घसरतो, आणि बेट रुंदावत भिंतीच्या माथ्याला ढोपराने ढकलतं ते वेगळंच.

अंतराचा अंगठेहिशोब असा. मोठं द्विदल झाड भिंतीपासून निदान पाच मीटर, वड-पिंपळ मुळीच नको. माड-पोफळ तीन मीटर. जास्वंद, तगर, अबोलीसारखी झुडपं एक मीटर. काठावर वाळा, भिंतीपासून ५० ते ६० सेंटिमीटर मागे. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, मऊ जमिनीत तीन मीटरपर्यंत, आणि त्यांची सरासरी ताणशक्ती ७५ मेगापास्कलच्या आसपास मोजली गेली आहे, म्हणजे सौम्य पोलादाच्या साधारण एक षष्ठांश. घसरणीची पातळी ओलांडू शकेल अशी आपल्याकडे सहज मिळणारी वनस्पती तीच. फक्त खाली कातळ असेल तर चमत्काराची अपेक्षा नको. कडक जांभ्यात वाळाही थांबतो. भरावात, आणि जांभ्याखालच्या मऊ पिवळ्या-गुलाबी मातीत तो खरा चालतो. जूनच्या पहिल्या पावसात १० ते १५ सेंटिमीटरवर एकेक फुटवा, आणि पहिलं वर्ष वरून गुडघ्याखाली छाटत राहायचं.

जुने सुके गडगे

प्रियोळ, केरी, सावईवेरेकडच्या कुळागरांत (पोफळीच्या बागांत) मेरांना, म्हणजे बांधांना, जे सुके दगड रचलेले असतात, त्या गडग्यांबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. त्यांत चुना नाही, सिमेंट नाही. पाणी प्रत्येक फटीतून बाहेर येतं, म्हणून मागे रेटा साचतच नाही. हादरा आला तर दगड थोडे सरकतात, दोन-चार निखळतात, दुसऱ्या दिवशी परत रचता येतात. अशा गडग्यातून बारीक मुळं आरपार गेली तरी बिघडत नाही, उलट दगड धरून ठेवतात. फक्त जाड होणारं झाड त्यात नको.

हल्ली यांच्या फटी सिमेंटने भरून ‘मजबूत’ करून घ्यायची साथ आली आहे. त्याने होतं एवढंच, की पाणी बाहेर पडायची शंभर भोकं बुजतात, मुळांना आतमध्ये कायमची ओल मिळते, आणि लवचिक गडगा कडक पण पातळ भिंत होतो. पैसे खर्चून भिंत कमजोर करायचा याहून खात्रीचा मार्ग नाही. नवीन बांधायचं असेल आणि जागा असेल तर जाळीत दगड भरलेली भिंत चांगली. पाणी सोडते, लवते, मुळांनाही सामावून घेते.

झाड काढायचं असेल तर

घाई करायची नाही, हा पहिला नियम, आणि तो सगळ्यात जास्त मोडला जातो. झाड तोडलं की दोन गोष्टी होतात. एक, झाड रोज जमिनीतून जे पाणी ओढत होतं ते थांबतं, भराव जास्त ओला राहतो. दोन, मुळं कुजायला लागतात. बारीक मुळांची ताकद दोन-तीन वर्षांत बरीच जाते, आणि जाड मुळांच्या जागी पोकळ बोगदे उरतात. त्यातून पावसाचं पाणी थेट भिंतीच्या पाठीशी पोचतं. झाड तोडलं तेव्हा काही झालं नाही, भिंत तिसऱ्या पावसाळ्यात फुगली, ही कहाणी इतकी नेहमीची आहे की झाडाचा आणि भिंतीचा संबंध कोणाच्या लक्षातही राहत नाही.

म्हणून आधी नळ्या मोकळ्या करा किंवा नव्या पाडा. मग वाळा लावा. दोन पावसाळे जाऊ द्या. त्यानंतर झाड एका वर्षी निम्मं छाटा, पुढच्या वर्षी तोडा. गोव्यात खासगी जागेतल्या झाडालाही १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते; अर्जाबरोबर भिंतीच्या तड्याचे, मापपट्टी लावलेले फोटो जोडले तर बोलणं सोपं होतं. खोड जमिनीलगत कापायचं, बुंधा खणून काढायचा नाही. खणला तर घसरणीची पाचरच मोकळी होते.

सांध्यातला पिंपळ ओढून काढू नये. मुळाबरोबर चिरा येतो, आणि तुटून आत राहिलेलं मूळ पुन्हा फुटतं. डिसेंबर ते मार्चच्या कोरड्या दिवसांत कापा, आणि ताज्या कापावर लगेच तणनाशक लावा. कापून तासभर गेला तर झाड आपलं तोंड बंद करून बसतं. ग्लायफोसेट वापरायचं असेल तर २०२२ पासून ते परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्याच्याच हातून. मूळ मेल्याची खात्री झाल्यावर तो भाग उलगडा, एका वेळी दोन-तीन चिरेच, वरच्या थराला लाकडी पाचर देऊन. मूळ काढा, चिरा भिजवून परत बसवा. जुन्या चुन्याच्या भिंतीत चुन्याचंच मिश्रण, सिमेंटच्या भिंतीत एक भाग सिमेंट, एक चुना, सहा वाळू. निव्वळ कडक सिमेंट चिऱ्यापेक्षा कडक होतं आणि पुढचा तडा चिऱ्यातूनच जातो. उलगडलेलंच आहे तर दर मीटरला पूर्ण जाडीत जाणारा एक चिरा किंवा कॉंक्रीटचा ठोकळा घालून घ्या. किल्लारीने शिकवलेलं काम या एका ठोकळ्यात होतं.

भिंत हलतेय का ते कळायला यंत्र लागत नाही. माथ्याला खिळा, त्याला ओळंबा, आणि पायाशी, मध्ये, वर अशी तीन मापं वहीत लिहून ठेवायची: एकदा मेअखेर, एकदा ऑगस्टमध्ये, एकदा डिसेंबरमध्ये. ऑगस्टमध्ये पाच मिलिमीटर पुढे आलेली भिंत डिसेंबरमध्ये मागे गेली नाही, तर ती दरवर्षी तेवढीच चालतेय. तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा आणि तारीख घाला. काच तडकली तर तडा जिवंत आहे.

हादरा जाणवला तर दुसऱ्या दिवशी भिंतीच्या पुढून नव्हे, मागून बघायचं. अंगणात भिंतीला समांतर, दीड-दोन मीटर मागे केसासारखी भेग दिसते का. गवत असलेल्या जागी ती दिसत नाही, मुळं वरचा थर धरून ठेवतात. तिथे अनवाणी चालून पायाला खळगा लागतो का ते बघावं, किंवा पातळ सळई दर फुटावर टोचत जावी. एका ओळीत ती अचानक सहज आत गेली, की ती भेग. तिच्यात चिकणमाती ठासून भरायची, वर प्लास्टिक अंथरून दोन्ही बाजूंना मातीचा छोटा बांध घालायचा, आणि पागोळ्यांचं पाणी दुसरीकडे वळवायचं. भिंतीसमोर तिच्या उंचीएवढ्या अंतरात गाडी लावायची नाही. माथ्यावर झाड असेल तर त्याला त्या आठवड्यात हात लावायचा नाही. तडकलेल्या भिंतीमागची माती त्या घडीला बहुधा त्याच्याच मुळांनी धरलेली असते.